पत्रे

वावधन उनं, वावधन उनं,
एवढंच ओरडली दगुबाई
आणि पुढचा आवाज तिच्या तोंडातून
उचलूनच नेला त्यानं.

किती वेळ चाललं?
उखर्डू आप्पाच्या मते, एक बिडी.
आप्पा म्हणतो, वारा सातपुड्याकडून आलाच नाही,
तो तापीच्या पात्रात एका पायावर उभा होता,
तिथंच दोन गिरक्या घेतल्या
आणि मग चालायला लागला.
आप्पाला कमी दिसतं. पण माग बघितला तर
खरंच एका पायाचा:
झिपरूची अख्खी बाग दक्षिणेकडे डोकं करून आडवी,
ठिबकच्या नळ्या मुळांसकट वर,
बांधापलीकडे रायसिंगची केळी उभी.
एखादं पान चिरलं असेल.
रायसिंग तेव्हापासून खाली बघून चालतो,
जणू त्यानंच ढकललं.

कटाईची गाडी परवा येणार होती.
घड हिरवेच. पहिले दोन दिवस गुरांनी खाल्ले,
चौथ्या दिवशी गुरांनीही तोंड फिरवलं.
आखाजीचा झोका ज्या निंबाला होता
तो निंब रस्त्यावर, झोक्याचा दोर तसाच बांधलेला,
गाठसुद्धा सुटलेली नाही.

आणि माझ्या विहिरीच्या काठावर हा पत्रा.
माझा नाही. माझे सात गेले ते गेले.
हा निळा, मधोमध दुमडलेला,
कडेला पांढऱ्या तेलरंगात
‘नदाई पीठ गि’
एवढंच.

मोटारसायकल काढली.
लेक मागं बसला, पत्रा डोक्यावर आडवा धरून.
पाचवीत आहे, वाटेत बोलत राहिला:
एक पत्र, अनेक पत्रे.
एक पत्रा, अनेक पत्रे.
मग बाईंनी मला चूक का दिली?
मी म्हटलं, घट्ट धर, वारा आहे.

पहिल्या गावात एकानं विचारलं, विकायचा का.
दुसऱ्या गावात एक बाई पुढं आली,
खिळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं,
नाही, म्हणाली, आमची जवळजवळ होती.
खांबावरचा वायरमन वरूनच ओरडला,
धनदाई ना? नाल्यापलीकडे जा,
पण तिथं आता गिरणी म्हणजे नुसतं आभाळ आहे.

खरंच होतं.
चार भिंती, मधे जातं, पट्टा लोंबलेला,
भिजून वाळलेलं पीठ भिंतींना पोपडे धरून.
कोपऱ्यात कॅलेंडर मात्र खिळ्यावर सरळ,
तारखा न हललेल्या.
मथुराबाईनं पत्रा हातात घेतला,
लांब धरला, जवळ धरला, चष्मा नव्हता,
मग सावकाश वाचला, एकेक अक्षर,
घरून खुशाली आल्यासारखा.
हाऊ मनाच शे, म्हणाली.
भाच्यानं लिहिलेला.
‘ध’ तेवढा अजून यायचाय.

तिच्या मोटारीवर दोन पत्रे टाकलेले होते,
एक लाल, एक गंजका, वर दगड.
हे कुणाचे?
काय माहीत. येतील शोधत.
मग पाणी दिलं, लेकाला गूळ दिला,
आणि आम्ही निघताना पत्रा परत त्याच्याच डोक्यावर ठेवला.
तुमची गाय उन्हात असेल, म्हणाली.
माझी गिरणी काही वितळत नाही,
आणि लाईट यायला अजून आठ दिवस.

काल गोठ्यावर चढवला.
जुनी भोकं वाशांना जुळेनात,
उलटा केला तेव्हा बसला,
आता देवीचं अर्धं नाव डोक्यावर उभं आहे.
उरलेल्या भोकांतून उन्हाचे ठिपके गाईच्या पाठीवर,
डांबर लावायचंय पावसाच्या आधी.
शिडी हलत होती.
कुणीतरी येऊन धरली. बघतो तर रायसिंग.
काही बोलला नाही,
पण हातोडा मागितला की द्यायला
वर बघावं लागत होतं त्याला.