कोरडी

दोन वाजता पाळी संपली. फेरीबोटीचं चाक शाणूच्या हातात दिलं
आणि जुन्या गोव्याच्या तिठ्यावर, बेलार्मिनच्या दुकानात,
खाकी शर्टाचं वरचं बटण लावून उभा राहिलो.
बावीस वर्षं इथनं फेणीच नेली,
तीही बहुतेक मेव्हण्यासाठी.
आज म्हटलं, वाइन.

बेलार्मिननं चष्मा कपाळावर चढवला.
"पाहुणे?"
नाही. बायको.
तो एकदम स्टुलावरून उतरला.

सुकांतीला आज रात्रपाळी नाही.
बुधवार आहे, म्हणजे सोमवार नाही, गुरुवार नाही.
मुलगी बेळगावला हॉस्टेलात,
आणि तिसऱ्या सकाळपासून घमेल्यात
वाळू थुंकत बसल्यात.
फेणी तिला चालत नाही. वास आला की म्हणते,
आत्ताच कुणी वॉर्ड पुसून गेलं.

"गोड की ड्राय?"
ड्राय म्हणजे?
"कोरडी."
बाटली हलवून पाहिली. आत तर पूर्ण भरती.
जन्म पाण्यावर काढलेला माणूस मी,
कोरडं म्हणजे मेच्या ओहोटीत
धक्क्याखाली भेगाळतो तो चिखल
आणि त्यावरून तिरके पळणारे खेकडे.
ते पितात माणसं?
"पितात," म्हणाला, "आणि परत येतात."

मग त्यानं लाल काढली. रात्रीला शोभते, म्हणाला.
उजेडात धरली आणि हात थांबला.
कॅज्युअल्टीत आहे ती, अकरा वर्षं.
हा रंग ती बांबोळीहून बसमध्ये चढण्याआधी
कोपरापर्यंत घासून काढते,
तरी एखाद्या नखाच्या कडेला राहतो.
ठेवली परत.

पोर्त नको, ती बाळंतिणीला चमच्यानं देतात.
गुलाबी होती एक, खोकल्याच्या औषधाच्या रंगाची.
पांढरी धरली तर सलाइन आठवलं.
"अरे," बेलार्मिन म्हणाला,
"बायकोसाठी घेतोस की पेशंटसाठी?"

शेवटी पांढरीच. नाशिकच्या द्राक्षांची,
कोरडी. तिसऱ्यांबरोबर हीच, तो म्हणाला,
आणि वर्तमानपत्रात अशी गुंडाळली
की आतलं काय ते अख्ख्या दिवाडीला कळावं.
माझ्याच बोटीत उतारू होऊन उभा राहिलो,
बाटली दोन पायांत.
शाणूनं बोट धक्क्याला आपटली.
रोज आपटतो. आज शिवी दिली.

सातला ती न्हाऊन आली, केस ओलेच.
बाटली घेतली, ट्यूबलाइटसमोर तिरकी धरली,
टिचकी मारली, बुडबुडे वर जाऊ दिले,
बॅच नंबर वाचला, भरल्याची तारीख वाचली,
मग उलटीसुलटी करून शोधत राहिली.
"संपायची तारीख कुठाय?"
नसते, म्हटलं. बेलार्मिन म्हणाला, नसते.
"असं कसं?" म्हणाली,
आणि एका पिळात झाकण उघडलं.

काचेचे पेले दोनच, तेही जोडीचे नव्हेत,
एक बँकेनं दिलेला, एक जॅमचा.
पहिल्या घोटाला तिनं तोंड वाकडं केलं.
दुसऱ्याला केलं नाही.
अर्धा पेला झाला तेव्हा पाय माझ्या मांडीवर आले,
घोट्यांभोवती मोज्यांचे वळ.
मी दाबत राहिलो. ती सांगत होती एका म्हाताऱ्याचं,
टाके घालताना तो तिला
चोडणच्या मानकुरादचा भाव सांगत होता,
डझनाला किती, आणि
तिथेच झोपली. भाव कळला नाही.

तिसऱ्या मी एकट्यानं खाल्ल्या.
नाही, अर्ध्या ठेवल्या.
जॅमच्या पेल्यातलं उरलेलंही मीच प्यायलो.
जिभेला खरंच कोरडी लागत होती,
मिठागरातून अनवाणी आल्यावर
तळव्यांना लागतं तशी.

सकाळी ड्युटीची पिन लावता लावता विचारलं,
"कितीला पडली?"
मी अर्धे सांगितले.
"बरी होती. बाटली टाकू नकोस,
आगळ भरायला होईल."

मेमध्ये भरलं.
फडताळात उभी आहे,
गळ्यापर्यंत लाल.