वर्णनात्मक नोंद

मार्च संपत आला. प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा समोर.
शिवडीची शाळा, तिसरा मजला,
खिचडीच्या पातेल्यांशेजारची खोली, म्हणजे संगीताचा वर्ग.
रकाना विचारतो : सामाजिक व भावनिक विकास.
जागा दीड ओळ.

प्रज्योत सकट, सहावी ब.
जुलैत त्याने डफलीचं कातडं फाडलं,
ऑगस्टात तेजलचा ओठ फोडला.
मुख्याध्यापक म्हणाले, याला तुमच्या तासाला बसवू नका,
हात चालवायचे तर मैदान आहे.
मैदान कुठे आहे ते मी विचारलं नाही.

मी त्याला केरवा शिकवला. आठ मात्रा.
एकवर टाळी. ती त्याला आयतीच येत होती,
हात त्याचा उचललेलाच असायचा.
पाचवर खाली.
"म्हंजे मारायचं नाय?"
नाही. हात उलटा कर, तळवा वर,
आणि ठेव तसाच, मात्रा जाईपर्यंत.
"मग तिथे काय वाजतं?"
काही नाही. पण तिथे चुकलास तर सगळे चुकतात.

पंधरा दिवस तो पाचवर टाळी देत राहिला
आणि पस्तीस पोरं त्याच्यासोबत घसरत राहिली,
खिदळत, वैतागत, पुन्हा एकपासून.
(गणिताच्या बाईंनी त्यातले चार तास मागून नेले.)
पेटीची गंधाराची पट्टी अडकते.
तो सूर मी गळ्याने भरते.
हल्ली माझ्याआधी तेजल भरते.

डिसेंबरात त्याचे वडील दुसऱ्या घरी राहायला गेले.
हे मला खिचडी वाढणाऱ्या मावशींनी सांगितलं, त्याने नाही.
त्या दिवशी त्याने एकही टाळी दिली नाही.
फक्त खाली दिली.
दर पाचव्याला मागच्या रांगेत
एक तळवा उघडा, शाईने माखलेला.
बाकीच्यांनी त्याच्या वाटच्या टाळ्या दिल्या.
कुणी वळून पाहिलं नाही. मी तसं सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात जिन्यात हात उचलला त्याने.
मी वरून पाहत होते.
पडला की वळला, सांगता येत नाही, मध्ये दप्तरं होती.
कुणी रडलं नाही, एवढंच ऐकू आलं.

'प्रगती समाधानकारक' लिहिलं. खोडलं.
'सुधारणेस वाव' लिहिलं. तेही खोडलं.
दीड ओळीतली अर्धी उरली.
तिच्यात लिहिलं : खाली चांगली देतो.

साहेब विचारतील, बाई, हे काय?
हात उलटा करीन,
थांबेन एक मात्रा.