वरताळा

समुद्र इथून इतका खाली आहे
की पाणी शंभरापर्यंत पोचतच नाही,
सत्त्याऐंशीच्या आसपासच उकळून मोकळं होतं.
म्हणून मक्याला वेळ लागतो.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
आईच्या घरी मी उठायचे
तेव्हा पातेलं शिजलेलंच असायचं.

पहिल्या दिवशी तीनला उठले.
जांभळ्या मक्याचं पीठ रात्रीच भिजवलेलं,
दालचिनी, लवंग, संत्र्याची वाळली साल,
आणि साडेपाचला गिऱ्हाइकांना दिलं
ते गरम, गोड, कच्चट पाणी.
भवानी एका मिनीबसच्या ड्रायव्हरची.
दोन घोट घेऊन त्याने पेला ठेवला,
"उद्या येतो" म्हणाला.
त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

आता दोनला उठते.

गाडा सालुस्तियोच्या बायकोकडून घेतला, तो गेल्यावर,
साडेआठशेला, तीन हप्त्यांत.
एक चाक उजवीकडे ओढतं.
बाजूवर त्याने लाल रंगात लिहिलेलं: तळलेले बटाटे.
मी त्यावर पांढरा हात मारला,
तरी ऊन पडलं की बटाटे वर येतात
आणि रोज कुणीतरी मागतंच.

पेल्यासोबत पास्तेल:
पापडाएवढी पातळ लाटी,
आत नखाएवढं चीज,
तेलात पडली की उशीसारखी टम्म.
शाळेची पोरं बोटाने फोडतात, आत बघतात.
"ताई, आत काय आहे?"
हवा, मी म्हणते.
आणि एल आल्तोत हवेलाही भाव आहे.

साडेआठला मी पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर,
खिडकी नंबर चार,
फेरीवाल्यांचे परवाने.
ओळखपत्राच्या दोन प्रती, जागेचा नकाशा, निळ्या शाईत सही.
"नकाशा कसला बाई, कोपरा आहे तो!"
कोपऱ्याचाच नकाशा आणा, मी सांगते,
आणि शिक्का मारताना
माझ्या हातांचा लवंगेचा वास
काचेखालून पलीकडे जातो.
त्याच ढिगात माझाही अर्ज आहे,
खालून सातवा.
पाच महिने हात शिवशिवतात.
लावलेला नाही.

जुलैत, नळ गोठले होते त्या पहाटे,
रुफिनो आला पावतीपुस्तक घेऊन.
आमच्याच मजल्यावर बसतो. गेल्या वर्षी
त्याच्या केकची वर्गणी मीच गोळा केली.
लोकरीच्या टोपीतून मला ओळखायला
त्याला थोडा वेळ लागला. की लागला नाही?

"परवाना?"
"चार नंबरच्या खिडकीत अडकलाय."
तो हसला नाही.
दिवसाच्या जागेचे दोन बोलिव्हियानो. पावती.
"नाव?"
चार वर्षं रोज जिन्यात भेटतो आम्ही.
बासिलिया युख्रा, मी म्हणाले,
आणि त्याने ते सावकाश लिहिलं,
हातमोजा दातांनी काढून,
आडनावातलं मधलं अक्षर पुन्हा विचारून.
कागदावर इतकं नीट
माझं नाव यापूर्वी मीच तेवढं लिहिलं होतं.

मग त्याने पेला मागितला. पाच मोजून दिले.
संपत आला तसा मी वरताळा ओतला,
इथे त्याला यापा म्हणतात, तो मागावा लागत नाही,
अर्धा पेला, सगळ्यांना देते तेवढाच.
हात हलला. जरा जास्त पडलं.
ती लाच होती की थंडी,
कचेरीत दिवसभर मी हेच चघळत बसले.

वाफेत तोंड घालून तो उभा होता,
ओठ जांभळे, चष्मा आंधळा.
"शिजलाय," म्हणाला. एवढंच.
वर तारेवरचे पाळणे अजून रिकामेच निघत होते.
पावती मी साखरेच्या डब्यात ठेवली,
कागद लगेच चिकट झाला,
आणि रुफिनोच्या मागचा माणूस
गाड्याची बाजू वाचत विचारत होता,
बटाटे आहेत का.