गंटु

वडगावच्या मागावर बत्तीस वर्षं
तुटल्या धाग्याला गाठ मारत आले,
इतकी बारीक
की नेसणारीला लागू नये.

ही आंघोळीत बोटाला लागली.
दुखत नव्हती, म्हणून
मंगाईची जत्रा होईस्तोवर थांबले.

महादेवी सिस्टरनं फिल्म उजेडाला धरली,
म्हणाली, "गंटु".
कानडीतही दोन्हीला एकच शब्द.

आज तिसरी केमो.
लाल औषध थेंबथेंब उतरतं,
पलीकडच्या खाटेवरची निंगव्वा
माझ्या टकलावरून हात फिरवून हसते.
तिलाही केस नाहीत.
आक्रसलीय म्हणे. मग ऑपरेशन.

काल सुनेला सांगितलं,
साबण लावताना हात फिरव,
कापड तपासतो तसा.
लाजली.
मी तिचं बोट धरून
माझ्यावर ठेवलं:
इथं.
अजून लागते बघ.