डोक्यावरचं शून्य

दर मंगळवारी संध्याकाळी सातला, स्टॉकटनच्या कॉलेजात,
हीटर खडखडायला लागतो
आणि एरिक ट्वेडल पहिल्या बाकावर येऊन बसतो,
कोट न काढता.
एकसष्टाव्या वर्षी त्याला रसायनशास्त्र शिकायचंय.
बिलिंगहॅमच्या अमोनिया प्लँटवर अठ्ठावीस वर्षं
झडपा सोडल्या, झडपा आवळल्या.
म्हणतो, आत काय चाललं होतं
ते एकदा कळू दे.

मी फळ्यावर लिहिते :
डेल्टा जी शून्य बरोबर
वजा आर टी लॉग के.

तो वहीत उतरवून घेतो, आणि हमखास
दोन गोष्टी गाळतो :
तो वजा,
आणि जीच्या डोक्यावरचं ते इवलं शून्य.

वजा गेला की सहा लाखांचा होतो
सहा लाखांतला एक.
आणि शून्याचं म्हणाल, तर त्याला कसं सांगू
की असल्याच एका टिंबापायी
वर्ध्याच्या शाळेत मी तिसरीत छडी खाल्ली आहे.
'मद' लिहिलं होतं. 'मंद' हवं होतं.

टिंब आहे, तर ती प्रमाण स्थितीतली जी :
सगळं एकेक बार, कागदी, कुणी न पाहिलेलं.
टिंब नाही, तर ती या टाकीतली, या घटकेची.
समतोलाला शून्य होते ती ही.
ती दुसरी कशाला होईल? ती फक्त
के किती, एवढं सांगते
आणि बाजूला उभी राहते.

"मग समतोल झाला की सगळं थांबतं?"
नाही, मी म्हणते, जितके जातात तितकेच परततात.
"म्हणजे शुक्रवारी रात्री नॉर्टनचा पब.
दार सारखं उघडतंय,
आणि आतली गर्दी तेवढीच."
हे मी माझ्या टिपणात लिहून ठेवलंय.
पुढच्या वर्षी माझं म्हणून सांगेन.

मग आकडे.
पंचवीस अंशांना उणे तेहतीस किलोज्यूल,
के सहा लाखांच्या घरात. तो शीळ घालतो.
साडेचारशे अंशांना : दशांशचिन्ह, चार शून्यं,
मग कुठे एक आकडा.
तो पेन खाली ठेवतो. बराच वेळ हीटरच बोलतो.

"म्हणजे थंडीत तिला व्हायचं असतं, पण होत नाही.
आणि तापवली की होते,
पण तिला व्हायचं नसतं."

एकवीस वर्षं शिकवतेय.
मला हे असं कधी म्हणता आलं नाही.

"म्हणून तो दाब. म्हणून ते लोखंडाचे खडे.
थोडीशी झाली की गार करून काढून घ्यायची,
उरलेला वायू पुन्हा आत.
समतोलाची वाट बघतंय कोण, मिस?
आम्ही तिला तिथवर कधी पोचूच दिलं नाही."

कुठून निघालात, याच्याशी के ला देणंघेणं नाही,
हे मी दरवर्षी मोठ्या तोऱ्यात सांगते.
नुसता अमोनिया भरा, नाहीतर नुसते ते दोन वायू,
पोचाल तिथेच.
अट एकच : तापमान तेच हवं.
घरी जाताना टीजवरच्या पुलावर
गाडीचा काटा दोन अंश दाखवत होता.
वर्ध्यात मे महिन्यात सत्तेचाळीस.
हिशेब करत बसले नाही. मागचा हॉर्न वाजवत होता.

प्लँट बंद झाला तेव्हा
शेवटची झडप त्यानंच आवळली म्हणे.
मी डोळ्यांपुढे आणते : गार होत चाललेल्या नळ्या,
आत के वाढतोय, हजार, लाख, सहा लाख,
सगळा कल एकीकडे
आणि कुणीच हलत नाही.
"छे," एरिक म्हणतो,
"आधीच नायट्रोजननं फुंकून काढलं होतं सगळं.
आत काही नव्हतं."

काल त्याची वही तपासली.
जीच्या डोक्यावर शून्य आहे.
इतकं मोठं, इतकं गिरवलेलं,
की झडपेचं चाक वाटावं.
लाल पेन उचललं होतं, त्याला लावलं नाही.

वजा मात्र पुन्हा राहिला होता.
तो मी घातला.