उचल

बर्फाच्या फॅक्टरीवरची खोली, संध्याकाळी सात ते आठ.
खालच्या यंत्राने भिंत थरथरते,
दाभोळच्या खाऱ्या हवेत खडू दमट होतो,
'टी'ची आडवी रेघ ओढताना मोडतो.

काशिनाथ जाक्कर, वय एक्केचाळीस, खलाशी.
पलीकडच्या बंदरावर क्रेनला माणसं घेणार आहेत,
परीक्षा इंग्रजीत.

मी यादी लिहून दिली:
लिफ्ट. रेझ. होइस्ट. हीव.
एलेव्हेट तीनदा म्हटला,
तिन्ही वेळा जिभेवरून निसटला,
ओल्या बोंबलासारखा.
"सगळ्यांचा अर्थ उचलणं?"
उचलणंच.
"मग एवढे कशाला?"
तुम्ही तरी एकाच शब्दावर कुठे भागवता, मी म्हटलं.

तो बोटांवर मोजू लागला.
शीड चढवतात. जाळं वर घेतात.
पावसाआधी होडी शाकारतात,
पोराला खांद्यावर बसवतात.
आणि कुणी दारात येऊन हळूच विचारलं,
किती वाजता उचलणार,
तर नाव सांगावं लागत नाही.
"आणि शेटकडून घेतो ती उचल.
नारळी पुनवेला घेतली, शिमगा आला तरी फिटत नाय.
ती घेतली की माणूस खाली जातो, बाई.
तिला इंग्रजीत काय?"
मी लिहिलं, अॅडव्हान्स.
म्हणजे?
म्हणजे पुढे जाणं.
हसता हसता त्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी प्रेझ.
उचलण्याच्या यादीत स्तुती कशी आली,
हे त्याला पटेना.
आपणही उचलून धरतो की एखाद्याला, मी म्हटलं,
डोक्यावर घेतो,
हरभऱ्याच्या झाडावर चढवतो.
"चढवत असतील."
मग सांगितलं: सोळाव्या वर्षी
एकट्याने सुकाणू धरून, ओहोटीच्या वेळी,
वाळूला न टेकवता होडी खाडीत आणली.
बाप तांडेल. काठावर उभा.
म्हणाला, "बरं."
आणि घरी गेल्यावर, "जेव."
वहीत प्रेझसमोर काशिनाथने लिहिलं: जेव.
मी लाल पेन उघडलं,
आणि परत बंद केलं.

प वर अंगठा ठेवून त्याने विचारलं,
"हा झाकला तर रेझ राहतो ना?
तेवढ्या एका 'प'साठी बाप आयुष्यभर अडला."

पुढच्या सोमवारी तो कागद घेऊन आला,
सुक्या मासळीच्या शेडवर चिकटवलेला, कोपरे फाटलेला.
"शब्द ओळखला, बाई. रेझ.
शेड उंच करणार.
उधाणाचं पाणी आत येतं, बरंच झालं."

मी कागद दिव्याखाली धरला.
मधलं अक्षर एस नव्हतं. झेड होतं.
आवाज तोच. अर्थ, जमीनदोस्त.

"कानाला कळायचं नाय?"
नाही.
"ऐकून कळायचंच नाय?"
नाही म्हटलं ना, मी जरा चिडूनच बोलले,
शब्द काय मी केलेत?
त्याने वहीला रबर लावला.
खाली यंत्र बंद पडलं, एकदम,
आणि खाडी ऐकू आली.

परीक्षेला तो गेला. निकालाचं मी विचारलं नाही.

शेड पडल्यानंतरची पहाट.
द्वारका पालशेतकर धक्क्यावर, समोर बांगड्यांची पाटी,
ओतप्रोत, बर्फ घातलेली.
कंबरेपर्यंत तिला येते. तिथून वर नाही.
जवळपास मीच होते.
"बाय, जरा हात लाव गो."
लावला.
पाटी माझ्या हातांवरून तिच्या चुंबळीवर गेली,
गार पाणी कोपरापर्यंत उतरलं.
ती निघाली. मागे वळली नाही,
डोक्यावर ओझं असताना वळता येत नाही.

रात्री शब्दकोश काढला.
हात लावणे: टच.
दुसरं काही दिलेलं नव्हतं.
पान उलटलं, तर त्याला
बांगड्याचा वास लागला होता.