दोन नाकं

डॉक्टर त्सियाला कागदावर पडदा काढतात,
नाकातला, डावीकडे कललेला.
"पूर्वी वाकडं दिसेल ते सगळं काढून टाकायचो."
म्हणजे माझ्या वडिलांचं.
कुताइसी, एकोणसत्तर साल. श्वास मोकळा झाला
आणि दहा वर्षांत नाकाची दांडी
खोगिरासारखी खचली.
नंतरच्या फोटोंत ते समोरच बघतात,
बाजूनं एकही नाही.

"आता दुर्बीण घालतो. अडतं तिथलंच छाटतो,
उरलेल्या कूर्चेला बारीक चिरा देऊन
सरळ करतो, शिवतो."
"परत वाकलं तर?"
"वाकतं कधीकधी. कूर्चेला आठवण असते."

मी भट्टीवाला. रोज दोनशे पाव
तापल्या भिंतीला चिकटवतो,
वास कळतो तो करपल्यावर.

सही करण्याआधी
दांडीवरून बोट फिरवलं.
अजून उंच आहे.